सहावा ठोका

ब्लासन, गुरुवार, १७ जुलै

बोर्ड डाव्या खांद्यावर, हातोडी कमरेच्या पट्ट्यात आणि खिळे ओठांत धरून मी पाटाच्या कडेने चढत होते. हेलिकॉप्टर शेवटची फेरी मारून नुकतंच खाली गेलं होतं. तोंडात गंजाची चव येत होती, कारण खिळे जुने होते. रोखुसने जुनेच घ्यायला लावले होते.

"डब्यात नवे आहेत की," मी म्हणाले होते.

"जुने घे गं टिली. नवे चमकतात. उगाच लोकांचं लक्ष जातं."

बोर्डावर 'वाट बंद' असं लिहिलेलं. लोकांचं लक्ष जावं म्हणूनच तो लावायचा असतो. हे मला वरच्या वळणावर पोहोचेपर्यंत सुचलं नाही. सुचलं तेव्हा मी थुंकले आणि खिळे मारायला लागले.

पिरमिन, नऊ वर्षांनी तुला पहिलं पत्र लिहिते आहे आणि त्याची सुरुवात ही अशी. तब्येत विचारत नाही. तू बाझेलमध्ये जिवंत आहेस एवढं लुडविनाकडून कळतं. ती अजून टपाल वाटते आणि सगळ्यांची पाकिटं उजेडात धरून बघते.

पेपरात आलं असेलच, पण माझ्याकडून ऐक. मंगळवारी सकाळी पावणेनऊला ग्रावेरीच्या पाटावरून एक बाई दरीत पडली. काळ्या कड्याच्या अलीकडे, जिथे पाट मातीच्या बांधावरून जातो आणि वाट त्याच बांधावरून. वरून दगड येऊन पाटात अडकला होता. पाणी बाहेरच्या अंगाने फुटलं आणि त्याने बांध आतून खाल्ला. वरून काही दिसत नव्हतं. गवत होतं, गवतात नेहमीची पायवाट होती. तिने पाय ठेवला आणि बांध तिच्यासकट गेला. नव्वद मीटर. हॉलंडची होती, नाव योसीन. नवरा शंभर पावलं मागे होता.

मी त्या दिवशी सातला पाट पाहून आले होते. तेव्हा सगळं ठीक होतं. हे आधीच लिहिते, कारण तू पहिलं तेच विचारशील.

हेलिकॉप्टर दरीत उतरत होतं तेव्हा रोखुसच्या हॉटेलच्या गच्चीवर चाळीस माणसं उभी होती. फोन वर धरून. एका बाईने मुलाला खांद्यावर घेतलं होतं, त्याला नीट दिसावं म्हणून. संध्याकाळी त्याच गच्चीवर त्याच माणसांनी वितळलेल्या चीजची भांडी मध्ये ठेवून पाव बुडवून खाल्ले. जुलै महिन्यात. आपल्याकडे हिमवर्षाव सुरू झाल्याशिवाय कुणी त्या भांड्याला हात लावत नसे. त्याचा वास माझ्या खिडकीपर्यंत आला आणि मी खिडकी लावून घेतली.

तू गेलास तेव्हा वाटांना नावं होती. आता नंबर आहेत. हिवाळ्यात वरच्या वाड्यांमधून मढी खाली आणायची वाट आता क्रमांक दोन, 'सूर्यवाट'. आपण शाळेत जायचो ती क्रमांक पाच. तिच्यावर दर पन्नास पावलांवर लाकडी मार्मोट प्राणी बसवलेत, पोरांनी त्यांच्या पाठीत शिक्के मारायचे. ग्रावेरीची वाट क्रमांक चार. 'ठोक्याची वाट'. हॉटेलात हातोड्याच्या आकाराची बिस्किटं मिळतात. पाटात रोज सकाळी मला ओले टिश्यू सापडतात, ते मी चिमट्याने काढते. एकदा दात सापडला होता, कवळीतला.

बुधवारी रोखुसने वर जाऊन त्या बोर्डाचे फोटो काढले. मला वाटलं, इतरांना सावध करायला.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

टिली


सोमवार, २१ जुलै

पिरमिन,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. मी मंगळवारी सातला पाट पाहून आले नव्हते. त्या सकाळी मी घराबाहेरच पडले नाही.

ठोका चालू होता म्हणून.

तू आता काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या हॉलमध्ये उभा राहून तू ते म्हणालाच होतास. पाण्याशिवाय ठोका वाजवणं म्हणजे मेलेल्या कोंबड्याला आरवायला लावणं. लोक हसले. ऑगस्टमध्ये पाणी कमी झालं की ठोका थांबतो, पाहुणे घाम गाळत चढून येतात आणि लाकडाचा निश्चल ठोकळा बघून परत जातात, तक्रारी करतात, असं रोखुस म्हणाला. चाकाला विजेची मोटार बसवायची ठरली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मोटारीवर, बाकी वेळ पाण्यावर. हात वर करणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मग जाऊन हातोडा चाकावरून काढलास, पाठपिशवीत घातलास आणि बसमध्ये बसलास. त्यांनी सुतारकामाच्या वर्गातल्या पोरांकडून दुसरा करून घेतला. पाटकरी म्हणून मला नेमलं. घर पाटकऱ्याचं, म्हणून मला घर मिळालं. हे सगळं तुला माहीत आहे. पण लिहून काढलं की कसं दिसतं ते मला बघायचं होतं.

त्यांनी पत्रकात काय छापलंय ते तुला माहीत नसेल. तसंच्या तसं उतरवते: "ग्रावेरीच्या पाण्यावर चाक फिरतं, चाक लाकडी हातोडा उचलतं आणि तो फळीवर पडतो. ठोका थांबला की पाट फुटला असं समजून पाटकरी हातातलं काम टाकून धावतो. शतकानुशतकं असंच चालत आलं आहे. ठोका ऐकू येतोय तोवर वाट बिनधोक, असं इथली पाटकरीण सांगते." बाजूला माझा फोटो. बाबांची टोपी घालून.

मोटारीचा उल्लेख पत्रकात नाही.

जूनमध्ये रोखुसने मोटारीची वेळ बदलली. साडेसहापासून. पाहुण्यांना सकाळी अंडं खाताना ठोका ऐकू यावा म्हणून. मला कुणी सांगितलं नाही. मंगळवारी सहाला उठले तेव्हा ठोका पाण्याचा होता. त्यानंतर कधीतरी दगड आला, पाणी तुटलं आणि ठोका वाजतच राहिला. मी ऐकत राहिले. आता यात मी काय करणार होते, सांग.

शुक्रवारी रोखुस घरी आला. बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. गावसभेचा अध्यक्ष झाल्यापासून तो बसण्याआधी बाकावरून हात फिरवतो.

"एकोणतीसला खाली चौकशी आहे," तो म्हणाला. "तुला एकच वाक्य बोलायचंय. बोर्ड सोमवारी संध्याकाळी लावला."

"सोमवारी मी कशाला लावेन?"

"बांध ओला दिसला म्हणून. तू पाटकरी. तुला दिसला."

"मला नाही दिसला."

"टिली, तुला कोंबडी कापायला सांगत नाहीये मी. एक वार बदलायचाय फक्त."

"आणि तिच्या नवऱ्याला काय सांगितलंस?"

"हेच. वाट बंद होती, तुमच्या बायकोच्या लक्षात आलं नाही. शांतपणे सांगितलं. त्याला सगळ्यात चांगली खोली दिलीय, हवे तितके दिवस राहा म्हटलंय."

"कुठली?"

"दरीकडची."

"ती पडली त्या दरीकडची?"

"अगं, तीच चांगली आहे. गॅलरी आहे तिला," तो म्हणाला.

मग त्याने शांतपणे सगळं मांडलं. मोटारीच्या ठरावावर पाटकरी म्हणून नऊ वर्षं सही माझी आहे. पाट पाहायची जबाबदारी माझी आहे. हॉटेलचं काही होणार नाही, त्याच्याकडे वकील आहे. माझ्याकडून पाट काढून घेतला की घरही जाईल. आणि मग कुणी पाटकरी व्हायला तयार होणार नाही, पाणी पाइपात घालतील, दोन उन्हाळ्यांत वरची कुरणं पिवळी पडतील. "लुडविनाच्या मेंढ्यांना काय पत्रक खायला घालणार तू?"

जाताना म्हणाला, "वास छान येतोय गं. जर्दाळू?"

मी त्याच्या मागे दार लावून घेतलं.

बांधाची दुरुस्ती होईपर्यंत वरचं तोंड बंद केलंय. पाट कोरडा आहे. पण साडेसहाला ठोका सुरू होतो आणि पाचपर्यंत वाजतो. पाहुण्यांनी आधीपासून खोल्या घेतलेल्या आहेत. त्यांना क्रमांक सहाच्या वाटेने पाठवतात आणि पत्रकावर चिकटपट्टी लावलीये: 'याहून रमणीय'.

टिली


गुरुवार, २४ जुलै

पिरमिन,

लुडविनाने तुझं कार्ड आणलं. चढ चढून दमली होती तरी दारात उभी राहूनच बोलायला लागली.

"भावाचं आलंय."

"वाचलंस?"

"कार्ड आहे ते. डोळे मिटून चढू की काय? तीन शब्द लिहिलेत. नऊ वर्षांनी तीन शब्द. तुमच्या घरात कुणाला बोलायला पैसे पडतात का?"

मी कार्ड घेतलं.

"सहावा म्हणजे काय गं?" ती म्हणाली. "बायबलातली सहावी आज्ञा तर परपुरुषाबद्दल आहे. या वयात, टिली?"

ती हसत खाली गेली आणि मी कार्ड चुलीच्या वरच्या फळीवर उपडं ठेवलं. तुझं अक्षर अजून बाबांसारखंच आहे.

'सहावा कसा होता?'

तुला हे विचारायचा काय अधिकार? तू निघून गेलास. मोटारीला तू नाही म्हणालास आणि मग चार तासांवर जाऊन कारखान्यात नोकरी केलीस, पेन्शन घेतलीस. तुझे हात स्वच्छ आहेत. हिवाळ्यानंतर पाटातला गाळ तू उपसला नाहीस. एप्रिलमध्ये काळ्या कड्यावरच्या फळ्या दोर बांधून मी बदलल्या, चौसष्टाव्या वर्षी. लोकांनी पाटात केलेली घाण मी काढली. तू फक्त हातोडा नेलास. भिंतीवर टांगला असशील. पाहुणे आले की सांगत असशील, आमच्या गावाकडचा. मग तुझ्यात आणि रोखुसमध्ये फरक एवढाच की तू बिस्किटं विकत नाहीस.

सहाव्याचं मी उत्तर देणार नाही.

टिली


शनिवार, २६ जुलै

आज तिचा नवरा आला.

दारावर टकटक झाली तेव्हा मला वाटलं लुडविना. उघडलं तर उंच, वाकलेला माणूस, हातात आमचं पत्रक. त्याने पत्रकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही या फोटोतल्या."

"हो."

"टोपी वेगळी आहे."

"ती वडिलांची."

त्याचं नाव वाउटर. आपली भाषा तो शाळेत शिकला असावा. शब्द एकेक करून टेबलावर ठेवावेत तसा बोलत होता. येण्याआधी वाक्यं मनात जुळवून आला होता हे कळत होतं.

"मला एक गोष्ट विचारायची आहे. तुम्ही रागावू नका. बोर्ड होता का?"

मी म्हणाले, "जेवलात का?"

मला दुसरं काही सुचलं नाही. तो म्हणाला, सकाळपासून नाही. मी राय धान्याचा काळा पाव कापला, चीज ठेवलं, फळीवरून जर्दाळूच्या जॅमची एक बरणी काढली. तो बसला. बाकावरून हात न फिरवता बसला.

"आम्ही तिथे थांबलो होतो," तो म्हणाला. "ठोक्यापाशी. योसीनने पत्रक मोठ्याने वाचलं. तिला मोठ्याने वाचायची सवय आहे. घरी पेपरसुद्धा. मला बुटाची नाडी बांधायची होती. ती म्हणाली, वाजतोय, चल. आणि पुढे गेली."

मी सुरी त्याच्यापुढे सरकवली.

"चाकाखाली पाणी नव्हतं. मी ते बघितलं होतं. मला वाटलं, असंच असतं." त्याने सुरी उचलून परत ठेवली. "रोज रात्री गॅलरीतून मी बघतो आणि विचार करतो, की बोर्ड होता आणि तिने पाहिला नाही, असं कसं होईल. तिला सगळं वाचायची सवय. औषधाच्या खोक्यावरचंही वाचते. पण ते म्हणतात होता. फोटो आहे. खिळेही जुने आहेत. म्हणजे मग मीच तिला ओळखत नव्हतो."

मग त्याने पावाला जॅम लावला आणि खाल्ला. दोन तुकडे. भूक लागलेल्या माणसासारखा.

"फार छान आहे," तो म्हणाला. "याच वर्षीचा?"

"याच वर्षीचा."

दारात त्याने परत विचारलं. मी म्हणाले, मंगळवारी चौकशीला विचारा. आणि बरणी त्याच्या हातात दिली. का दिली ते मला सांगता येणार नाही. तो आभार मानून ती दोन्ही हातांत धरून उतरणीला लागला. मी मोरीपाशी जाऊन तोंडात बोटं घातली. काहीच आलं नाही.

टिली


सोमवार, २८ जुलै, संध्याकाळ

पिरमिन,

सहावा सरळ होता.

चाकाचं सहावं पातं मोडल्यावर बाबांनी अलुबुखाराच्या लाकडाचं बसवलं होतं, तेवढा एकच तुकडा घरात होता आणि तो बोटभर आखूड होता. म्हणून आपल्या पाण्याचे पाच ठोके सरळ पडतात आणि सहावा रेंगाळतो. पाहुण्यांना ऐकू येत नाही. रोखुसला नाही. ज्यांनी त्यावर झोपून बालपण काढलं त्यांनाच ऐकू येतो, आणि ती माणसं आता जगात दोनच आहेत. मोटार चाक एकसारखं फिरवते. सहाच्या सहा सरळ.

तू हे विचारणार हे मला पहिलं पत्र टाकतानाच माहीत होतं. कदाचित म्हणूनच तुला लिहिलं. दुसऱ्या कुणाला खोटं कळलं नसतं.

रोखुसने वेळ बदलल्याचं मला कुणी सांगितलं नाही, हे खरं आहे. सांगायची गरज नव्हती. जूनच्या तीन तारखेला, पहिल्याच सकाळी, साडेसहाला सहावा सरळ पडला आणि मी कपडे वाळत घालता घालता थांबले. मला त्याच क्षणी कळलं. मी रोखुसकडे गेले नाही. गावसभेत बोलले नाही. भांडणाचा कंटाळा आला होता आणि नऊ वर्षांपूर्वीचा माझा वर केलेला हात कुणीतरी काढला असता. मी मनात ठरवलं, आता ठोक्यावर विसंबायचं नाही, रोज सातला स्वतः वर जाऊन पाहायचं. आणि गेले. एक्केचाळीस सकाळी गेले. पावसात गेले. गुडघा सुजला होता तेव्हा काठी घेऊन गेले.

बेचाळिसाव्या सकाळी जर्दाळू चुलीवर होते.

सोमवारी खालच्या बागांमधून दोन पेट्या आल्या होत्या, जास्त पिकलेल्या. रात्रभर साखरेत ठेवलेले. साडेसहाला उकळी फुटली. सातला निघायचं तर भांडं उतरवावं लागणार आणि एकदा उतरवलं की जॅम नीट धरत नाही. मी डाव हातात घेऊन उभी होते. खिडकी उघडी होती. मी ठोके मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सरळ. परत मोजले. सरळ. आणि मी स्वतःशी मोठ्याने म्हणाले, "वाजतोय ना." अगदी हेच शब्द. नंतर त्या माणसाने माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं की तीही तेच म्हणाली.

एकोणीस बरण्या झाल्या. मी झाकणं लावत होते तेव्हा खालून कुणीतरी ओरडलं.

आईला पुरलं तो दिवस तुला आठवतो का? पाद्री अजून बोलत होता. ठोका थांबला. बाबांनी मान वर केली, टोपी तुझ्या हातात दिली आणि कबरीपासून सरळ वर पाटाकडे निघून गेले, काळा कोट घालून. पाद्री थांबला नाही. कुणालाही ते विचित्र वाटलं नाही. मी सोळा वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, याला आईपेक्षा पाणी मोठं. मी कित्येक वर्षं त्यांचा राग केला. त्या माणसाने बायकोची कबर सोडली. मी जॅम सोडला नाही. आणि फोटोसाठी त्यांचीच टोपी घातली.

पत्रकातलं वाक्यही माझंच आहे. पत्रक बनवणारी मुलगी वही घेऊन आली होती, काहीतरी छान सांगा म्हणाली. मी सांगितलं.

मला या गावाची किळस येते असं मी तुला चार पत्रांत लिहिलं. ती येतेच. चाळीस माणसं दीड तास कोरड्या पाटासमोर बसून अंडी खात होती आणि चाक हवेत फिरत होतं, वाढणाऱ्यांपैकीही कुणी खाली बघितलं नाही. पण गेले दोन दिवस मी चुलीकडे पाठ करून जेवते आहे. अठरा बरण्या फळीवर आहेत. उजेड पडला की त्या फार सुंदर दिसतात.

उद्या चौकशी आहे. मी सोमवार म्हणाले तर घर राहील, पाट राहील आणि तो माणूस उरलेलं आयुष्य असं समजून काढेल की त्याची बायको बोर्ड न वाचता पुढे गेली. मंगळवार म्हणाले तर काय होईल ते रोखुसने सांगितलंच आहे, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. कुरणांचं तर अजिबात नाही. लुडविना माझ्याशी बोलणार नाही. तिच्याशिवाय इथे माझ्याशी कोण बोलतं?

संध्याकाळी रोखुस कुंपणाबाहेरून म्हणाला, "सव्वासातची बस. मी जागा धरतो." मी हो म्हणाले. कशाला हो म्हणाले ते त्याला कळलं नाही. तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

हातोडा परत पाठव असं मी लिहिणार नाही. तो तुझ्याकडेच बरा.

हे पत्र उद्या परत आल्यावर टाकेन.

टिली


मंगळवार, २९ जुलै

सव्वासातच्या बसने गेले. रोखुस शेजारी बसला. वळणावर हळूच म्हणाला, "सोमवार."

चौकशीत मी सांगितलं की बोर्ड मंगळवारी दुपारी सव्वातीनला लावला, खिळे मुद्दाम जुने घेतले आणि कुणी घ्यायला लावले. मोटारीचं सांगितलं. तीन जूनचं सांगितलं. जर्दाळूचंही सांगितलं, लिहून घेणाऱ्याने तो शब्द परत विचारला. पन्नास मिनिटं लागली. माझ्यावरही खटला होईल असं म्हणाले. सही केली.

वाउटर समोर बसला होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "बरणी त्याच सकाळची?" मी हो म्हणाले. त्याने पिशवीतून ती काढून टेबलावर ठेवली. अर्धी संपली होती.

परत येताना बसमध्ये मी एकटीच होते. साडेअकराला वर पोहोचले तेव्हा ठोका चालू होता. पाट चौदा दिवस कोरडा आहे. मी घरी न जाता सरळ तिकडे गेले आणि मोटारीची वायर काढली. चाक दोन फेऱ्या फिरून थांबलं. गच्चीवर कुणी मान वर केली नाही.

लुडविना फावडं घेऊन धावत आली. पाट कोरडा आहे हे तिला माहीत आहे. तरी आली.